पंचेचाळीस दिवसांची ट्रायल

माझ्या मावशीने आयुष्यात एकच मशीन विकायला घेतलं आणि ते विकलं गेलं नाही. दोन वर्षं तीन महिने ती ते विकत होती. त्या सगळ्या काळात तिला कुणी ‘नको’ म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, मशीनमध्येच खोट असेल, किंवा बाईला बोलता येत नसेल.

बोलण्याचं म्हणाल तर ती एकोणीस वर्षं एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर होती. तावातावाने फोन करणारा माणूस दुसऱ्या मिनिटाला तिची माफी मागत असायचा. माझी आई म्हणायची, ‘ही दगडाला जरा सरकून बस म्हणाली, तर दगड सरकेल.’ काका, म्हणजे मावशीचा नवरा, अगदी उलटे. कायम तोंडात गुळणी धरल्यासारखे. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत फिटर म्हणून राबले आणि मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल आणि लोखंड घट्ट धरायचा एक वाईस घेऊन बसले. तिथे तीन वर्षं खपून त्यांनी ते मशीन केलं.

बाटलीला लेबल चिकटवायचं मशीन. एका बाजूने बाटल्या आत जायच्या, एक पोलादी बोट गठ्ठ्यातलं वरचं लेबल उचलायचं, डिंकाच्या रुळावरून फिरवायचं आणि बाटलीच्या पोटाला असं गुंडाळायचं, की जोड कुठे आलाय ते नखाने शोधावं लागे. मिनिटाला चाळीस बाटल्या. मोठ्या कंपन्यांची मशिनं साठ करायची, पण ती खोलीएवढी असत आणि बिघडली की त्यांचा माणूस आठ दिवसांनी उगवायचा. काकांचं मशीन कपाटाएवढं होतं आणि ते बिघडलं तर काका होतेच.

ते पहिल्यांदा नीट चाललं, त्या दिवशी मावशीने लेबल लावलेली एक बाटली उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही आता फक्त करा. विकायचं मी बघते.” पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली. मूलबाळ नव्हतं, घर स्वतःचं होतं, फंडाचे पैसे हातात आले होते. मी त्यांच्या मागच्या गल्लीत राहते आणि शाळेत शिकवते. तिची पत्रं, कोटेशनं मीच टाइप करून द्यायचे, म्हणून यातलं बरंच मला ठाऊक आहे. उरलेलं तिने सांगितलं. काकांनी काहीच सांगितलं नाही.

तिने बरोबर कारखाना शोधला. खोकल्याचं औषध आणि अशक्तपणाचं टॉनिक बाटल्यांत भरणारा. तिथे हॉलच्या मधोमध एक लांबलचक टेबल होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बारा बायका बसायच्या. पुढ्यात डिंकाची वाटी, हातात ब्रश. दिवसभर लेबलं चिकटवायची. संध्याकाळी त्यांची बोटं एकमेकांना चिकटलेली असायची.

खरेदीचे साहेब साधारण पन्नाशीचे. टेबलावर एक पेन्सिल, एक कॅलेंडर, बाकी काही नाही. मावशी आत आली की उठून उभे राहायचे आणि जाताना दारापर्यंत सोडायला यायचे. चहाशिवाय त्यांनी तिला कधी परत पाठवलं नाही. पहिल्या भेटीत त्यांनी बाटलीवरच्या लेबलावरून अंगठा फिरवला आणि डोळे मिटून म्हणाले, “छान. छानच.”

“मग पाठवू का, साहेब?”

“पाठवा ना. पंचेचाळीस दिवस ट्रायल घेऊ. तुमचं तुम्हालाही समाधान, आमचं आम्हाला. मग समितीपुढे ठेवू. पाच जणांची समिती आहे. घाईत घेतलेल्या निर्णयाचा पस्तावा होतो हो, ताई.”

बाहेर गेटवर वॉचमनने तिची सही घेतली. “कुणाकडे, बघूसाहेबांकडे का?”

“कोण बघूसाहेब?”

“कळेल,” वॉचमन म्हणाला.

मशीन टेम्पोतून गेलं. काका दोन दिवस तिथेच होते. तिसऱ्या दिवसापासून मशीन एका पाळीत चालायला लागलं, पंधराव्या दिवसापासून दोन पाळ्यांत. पंचेचाळीस दिवस झाले तशी मावशी पत्र घेऊन गेली.

“झाले का पंचेचाळीस?” साहेब कॅलेंडरकडे बघून म्हणाले. “दिवस कसे जातात बघा. तक्रार काही नाही, उत्तम चाललंय. फक्त समितीतले दर्जावाले रजेवर आहेत. ते आले की बसू.”

दर्जावाले आले तर हिशेबवाले गावाला गेले. हिशेबवाले आले तर वर्षअखेर आली. वर्षअखेर संपली आणि देखभालवाल्यांची बदली झाली. नवीन आले ते म्हणाले, मला आधी सगळं समजून घेऊ द्या. मावशी दर मंगळवारी जायची. बस बदलून दीड तास. गेटवर सही, बाहेरच्या बाकावर तासभर, मग चहा, मग ‘पुढच्या आठवड्यात बघू’. बाकावर तिच्यासारखेच आणखी काही विक्रेते असायचे. त्यातला एक खोकी विकणारा तिला म्हणाला, “ताई, यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘हो’ म्हणताना मी पाहिलेलं नाही. अधलंमधलं काय ते आपल्यासाठी.” मावशीला तो माणूस कडवट वाटला.

चौथ्या महिन्यात ती हॉलमध्ये गेली तर मधलं लांब टेबल नव्हतं. बारा बायकाही नव्हत्या. जिथे टेबल होतं तिथे फरशीवर डिंकाचे पिवळे डाग होते आणि कडेला काकांचं मशीन खटखट करत बाटल्या ओकत होतं. त्या दिवशी मावशी माझ्याकडे आली ती फुललेल्या चेहऱ्याने.

“अगं, टेबल काढलं त्यांनी! बायका बंद केल्या. म्हणजे घेणारच की! आता कागदावर यायचं तेवढं बाकी.”

“बायकांचं काय झालं?” मी विचारलं.

“त्यांना काय, दुसरीकडे मिळेल,” ती म्हणाली आणि पिशवीतून पत्राचा मसुदा काढला.

त्या बारांपैकी एक जण तिला पुढे बसस्टॉपवर भेटली. उंच, हडकुळी बाई. मावशीने ओळख दाखवली, हसली. ती बाई म्हणाली, “मशीनवाल्या बाई ना तुम्ही? मिळाले का पैसे मशीनचे?” मावशी म्हणाली, “अजून नाही, निर्णय व्हायचाय.” ती बाई म्हणाली, “आमचा झाला बरं का निर्णय. एका दिवसात झाला.” मग तिची बस आली. मावशीने हे मला सांगितलं तेव्हा ती त्या बाईवर चिडलेली होती. त्या बाईचं चुकलं काय, ते मात्र मावशीला सांगता येईना.

आता काकांच्या डोळ्यांचं.

मशीन रोज सोळा तास चालत होतं. ते इतकं चालवण्याचं ठरलेलंच नव्हतं. पंचेचाळीस दिवस चालवून बघायला दिलेला नमुना होता तो. रबरी पट्टे झिजायचे, स्प्रिंगा तुटायच्या, लेबल उचलणारं बोट बोथट व्हायचं. फोन आला की काका हत्यारांची पिशवी घेऊन जायचे. ट्रायल आहे म्हणून फुकट. नवा भाग शेडमध्ये बनवायचा, नेऊन बसवायचा. देखभालवाल्यांनी एक वही ठेवली होती. प्रत्येक दुरुस्तीला तारीख, वेळ, काय बिघडलं, आणि शेवटी, मंगळवारी गेली की, मावशीची सही. ती अभिमानाने सही करायची. ‘फोन केला की चार तासांत आमचा माणूस हजर,’ असं तिने कोटेशनमध्ये माझ्याकडून घालून घेतलं होतं.

साताठ महिन्यांनी काका दाराच्या चौकटीला खांदा धडकवायला लागले. एकदा जेवताना त्यांनी डाव्या हाताला ठेवलेला पेला पाडला. पेला तिथे होता हे त्यांना दिसलंच नव्हतं. मावशी त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. काचबिंदू. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलणारे.

“गेलेली नजर परत येत नाही,” ते म्हणाले. “आहे ती वाचवायची. थेंब देतो, पण तेवढ्याने भागेलसं वाटत नाही. ऑपरेशन करून टाका. दोन महिन्यांच्या आत. त्यानंतर सहा आठवडे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धातूची धूळ नको.”

सहा आठवडे. मावशी घरी येऊन कॅलेंडरपुढे उभी राहिली. सहा आठवड्यांत मशीन कमीत कमी तीनदा बंद पडणार. बंद पडलं आणि आपला माणूस गेला नाही, तर समिती काय म्हणेल? त्याच मंगळवारी साहेब म्हणाले होते, “या महिनाअखेर नक्की. मी स्वतः विषय लावतोय.”

“अहो,” ती काकांना म्हणाली, “निर्णय झाला की लगेच करू. महिन्याभराचा तर प्रश्न आहे. थेंब चालू आहेतच.”

काका कानस पुसत होते. म्हणाले, “डॉक्टर दोन महिने म्हणाले.”

“मग एक महिना थांबलो तर काय बिघडतंय?”

“बघ,” काका म्हणाले.

महिनाअखेर समिती बसली नाही. पुढच्या महिन्यात बसली, पण वेळ संपला आणि मशीनचा विषय राहिला. मावशी डॉक्टरांकडची तारीख पुढे ढकलत गेली. तीनदा ढकलल्यावर तिने तारीख घेणंच सोडलं. मी एकदा म्हटलं, “मावशी, डोळे आहेत ते.” ती फाडकन म्हणाली, “तुला काय वाटतं, मला कळत नाही? इतके महिने घातले आणि आता ऐनवेळी कच खाऊ?” मग थोडी शांत झाली. “उद्या पाच मशिनांची ऑर्डर आली तर करणार कोण? त्यांना उभं तरी राहायला नको?” तिचं म्हणणं तिला अगदी सरळ वाटत होतं. मलाही त्या वेळी फारसा जोर लावावासा वाटला नाही. शाळेच्या परीक्षा होत्या.

सव्वा वर्षाने एक गिऱ्हाईक चालून आलं. फिनेल बनवणारा, छोटा माणूस, पण कारखाना स्वतःचा. कुणाकडून तरी त्याने मशीनबद्दल ऐकलं होतं. शेडमध्ये आला, काकांशी अर्धा तास बोलला, खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता.

“मला एक पाहिजे. कधी देता?”

काका म्हणाले, “नवीन करायला चार महिने. पण हात मोकळे पाहिजेत. तिकडची दुरुस्तीच आटपत नाही.”

“मग तिकडचं आणून द्या. जुनं चालेल मला, तुम्ही नीट करून द्याल तसं. आगाऊ रक्कम आज देतो. आठ दिवसांत मात्र सांगा; माझा सीझन तोंडावर आलाय.”

काका मावशीकडे बघत होते. म्हणजे ती बसली होती त्या दिशेला. त्या दिवशी तिने डोक्यात पक्कं केलं, की आता सोक्षमोक्ष लावायचा. मंगळवारची वाट न बघता ती दुसऱ्याच दिवशी गेली.

“साहेब, एक तर मशीन घ्या, नाहीतर परत द्या. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.”

साहेबांनी चहा मागवला. तिला बसायला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं, असं मावशी सांगते. “परत नेता? न्या. तुमचंच आहे, मी कोण अडवणार? फक्त... सांगू नये खरं तर. परवाच वरून विचारणा झाली. दुसऱ्या युनिटलाही हीच मशिनं घालायची म्हणतायत. एक नाही ताई, पाच. पुढच्या बैठकीत तोच विषय आहे. आता तुम्ही एका मशीनसाठी पाचांवर पाणी सोडणार असाल...” पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं आणि बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली.

कोपराला गूळ कसा लावतात, ते त्या माणसाकडून शिकावं. आणि तो खोटं बोलत नव्हता. विचारणा खरंच झाली होती. विचारणा दर वर्षी होत असे.

मावशीने आठ दिवस डोकं फोडलं. आठव्या दिवशी तिने फिनेलवाल्याला फोन करून म्हटलं, “आणखी पंधरा दिवस थांबता का?” तो म्हणाला, “नाही हो बाई. नाही जमणार,” आणि फोन ठेवला. पंधरवड्यात त्याने दुसरीकडून घेतलं. मावशी मला म्हणाली, “कसली ही घाई लोकांना!” तिला त्यात वावगं काही दिसलं नाही.

त्यानंतरचं वर्ष मला आठवायलाही नको वाटतं. काकांना समोरचं दिसायचं, पण नळीतून बघितल्यासारखं. कडेचं सगळं गेलं होतं. मोजमाप करायचं पट्टीसारखं जे यंत्र असतं, व्हर्निअर, त्याच्यावरच्या रेघा त्यांना लागेनात. मग मावशी वाचायची. ती शेडमध्ये स्टुलावर बसून मोठ्याने आकडे सांगायची आणि काका लेथवर वाकून भाग कापायचे. चुकलं की ती ओरडायची. “नऊ म्हटलं मी, नऊ! आठ नाही! पोलाद काय झाडाला लागतं का?” ओरडण्याचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत यायचा. टेलिफोनवर एकोणीस वर्षं कुणावर आवाज न चढवलेली बाई.

एका रविवारी मी डबा परत द्यायला गेले, तेव्हा काका एकटेच शेडमध्ये होते. त्या लेबल उचलणाऱ्या बोटाला कानस मारत होते. डोळे मिटलेले. मी म्हटलं, “काका, डोळे मिटून?” ते म्हणाले, “उघडे ठेवले की गोंधळ होतो.” मग बोटाची धार अंगठ्याने चाचपून बघितली. अंगठ्याच्या पोटावर बारीक बारीक जखमा होत्या, चाळणीसारख्या. “मशीन घेणार आहेत का गं ते?” त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी म्हटलं, “मावशी म्हणते घेतील.” ते म्हणाले, “मला डोळे पाहिजेत की ऑर्डर, हे मला कुणी विचारलंच नाही.” आवाजात राग नव्हता. एखादा नटबोल्ट सापडत नाही, असं सांगावं तसं म्हणाले आणि पुन्हा कानस मारायला लागले. मी हे मावशीला सांगितलं नाही.

शेवटी समिती बसली. सव्वीसाव्या महिन्यात. पाचही जण हजर, मशीन प्रत्यक्ष बघायला हॉलमध्ये येणार. मावशीने काकांना इस्त्रीचा शर्ट घातला, बसमध्ये हात धरून नेलं आणि गेटवर हात सोडला. “कुणाला कळू द्यायचं नाही,” ती म्हणाली. “माझ्या आवाजाच्या मागोमाग या.”

मशीन तोवर म्हातारं झालं होतं. खटखट जाऊन खडखड आली होती. दहा मिनिटं बरं चाललं. मग एक लेबल तिरकं गेलं, त्याच्यावर दुसरं, आणि डिंकाचा लगदा होऊन बाटल्या एकमेकींवर चढल्या. दोन फुटल्या. टॉनिक फरशीवर पसरलं. काका पुढे झाले. डाव्या बाजूचा स्क्रू सैल करायचा होता. त्यांनीच बनवलेला, त्यांनीच शंभरदा फिरवलेला. पण त्या दिवशी शेजारी लोक उभे, सगळीकडून आवाज, आणि पेचकसाचं टोक खाचेत बसेना. एकदा, दोनदा, चारदा. हिशेबवाल्यांनी घड्याळ बघितलं.

नवीन आलेल्या एका सभासदाने विचारलं, “किती चाललंय हे आजवर?”

मशीनवर बाटल्या मोजणारा आकडा होता, सहा अंकी. देखभालवाल्यांनी वाकून वाचला. “एक लाख बेचाळीस हजार.”

“फक्त? आणि दुरुस्त्या?”

देखभालवाल्यांनी वही उघडली. “एकेचाळीस. प्रत्येकीवर यांची सही आहे.”

काका मान न वळवता म्हणाले, “तो आकडा बावीस वेळा फिरून शून्यावर आलाय. दहा लाख झाले की शून्य होतो.”

मावशी घाईने म्हणाली, “म्हणजे, सव्वादोन कोटी बाटल्या झाल्यात, साहेब! पंचेचाळीस दिवस ठरले होते, आता—”

“तशी नोंद आहे का कुठे?” हिशेबवाल्यांनी विचारलं.

तिने खरेदीच्या साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, “तांत्रिकदृष्ट्या मशीन अजून ट्रायलवरच आहे,” आणि ते खरंच होतं.

निघताना त्या नवीन सभासदाने काकांपुढे हात केला. काकांना तो दिसला नाही. मावशीने कोपराने ढोसलं, तेव्हा त्यांनी भलतीकडे हात पुढे केला. त्यांच्या तळव्याला एक लेबल चिकटलेलं होतं, सुलट बाजू वर: ‘अशक्तपणावर गुणकारी’. एक जण हसला. मग सगळेच थोडे थोडे हसले, आणि काय झालं ते न कळून काकाही हसले.

पत्र अकराव्या दिवशी आलं. या माणसांना अकरा दिवसांत काही करता येतं हे तेव्हा कळलं. ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं, कारण तिचा चष्मा सापडेना. ‘सदर यंत्राचा टिकाऊपणा समाधानकारक आढळला नाही. उत्पादनाच्या मानाने दुरुस्त्यांचे प्रमाण अधिक आहे. समितीने अन्य नामांकित कंपनीचे यंत्र घेण्याचे ठरवले आहे. आपले यंत्र सात दिवसांच्या आत हलवावे, अन्यथा जागेचे भाडे आकारण्यात येईल.’ सोबत दुरुस्त्यांची यादी जोडली होती. एकेचाळीस सह्या तिच्याच.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. माझी आई असती तर एवढंच म्हणाली असती. पत्राची घडी घालून मावशीने ते पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, “चल माझ्याबरोबर.”

त्या दिवशी मी ते साहेब पहिल्यांदा बघितले. मला राग आणायचा होता, पण तो इतका सभ्य माणूस होता, की आणायचा कुठून? उठून उभे राहिले. माझ्यासाठीही खुर्ची ओढली. चहा सांगितला.

“ताई, मला फार वाईट वाटलं. मी तुमच्या बाजूने होतो. सव्वादोन वर्षांत मी तुम्हाला एकदा तरी नाही म्हटलंय का?”

“तेच तर,” मावशी म्हणाली.

“काय?”

“म्हणायला पाहिजे होतं.”

साहेबांना ते कळलं नाही. ते कपाची कडा पुसत राहिले. थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाले, “एक विनंती होती. आमचं ते नवीन मशीन यायला तीन महिने आहेत. पुरवठा थांबवता येत नाही. तोवर तुमचं इथेच राहू दिलंत तर? जागेचं भाडं मी बघतो, ते लागणार नाही. मध्ये काही बिघडलं तर तुमचे मिस्टर येतीलच.”

मी मावशीकडे बघितलं. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, ही हो म्हणणार. तिचे ओठ तसे हललेसुद्धा. सवय वाईट.

“नाही,” ती म्हणाली.

“अहो, एवढ्या घाईने नका सांगू. घरी विचारा, दोन दिवस घ्या—”

“नाही.”

साहेब दुखावले गेले. त्या दिवशी ते दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

मशीन टेम्पोतून परत आलं. ते अजून शेडमध्ये आहे, वर जुनी चादर टाकलेली. मावशी आता एका औषधांच्या दुकानात फोन घेते आणि ऑर्डरी लिहून घेते. मालक तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे आणि तिला एकेरी हाक मारतो. घरी आली की काकांवर ओरडते. पाणी सांडलं, बटण चुकलं, रेडिओ मोठा लावला. ते ऐकून घेतात. ती मला म्हणते, “एकदा तरी त्यांनी मला बोलावं. एक शिवी द्यावी. मला झोप लागेल.” ते काही देत नाहीत. देणार नाहीत, हे आम्हा दोघींना माहीत आहे. मला तर कधी कधी वाटतं, त्यांच्या हातात तेवढं एकच उरलंय आणि काका ते वापरतायत.

ऑपरेशनचं सांगायचं राहिलं. मशीन परत आलं त्याच आठवड्यात मावशीने ते करवून घेतलं. तोच तरुण डॉक्टर. आता दाढी ठेवलेला. दीड महिन्याने शेवटची तपासणी होती, तेव्हा मीही गेले होते. काकांना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्ही दोघी आत गेलो. डावा गेलेलाच होता. उजव्यात उजेड-अंधार कळत होता, माणूस समोर उभा आहे एवढं कळत होतं. कोण ते कळत नव्हतं.

मावशीने विचारलं, “डॉक्टर, तुम्ही सांगितलं होतं तेव्हाच केलं असतं तर?”

“ते आता विचारून काय उपयोग?”

“मला सांगा.”

डॉक्टर कागद चाळत म्हणाले, “असं छातीठोक कुणी सांगत नाही, बाई.”

“तुम्ही सांगा.”

त्यांनी कागद खाली ठेवले. “उजवा वाचला असता. कामापुरता नक्की. अगदी वर्षाने आला असतात, तरी बराचसा.”

मावशीने मान हलवली, दुकानात भाव ऐकून हलवावी तशी. आभार मानले. आम्ही बाहेर आलो. काका आवाजावरून उठून उभे राहिले.

“काय म्हणाले?”

“काही नाही,” मावशी म्हणाली. “वयामुळे होतं म्हणाले. कधीही केलं असतं तरी एवढंच राहिलं असतं.”

काका उभेच होते. भिंतीवर हात टेकवलेला. “मग ठीक आहे,” ते म्हणाले. “मला वाटलं, उशीर झाला असेल.”

मी खाली बघत होते. मावशीने त्यांचा दंड धरला आणि आम्ही दाराकडे निघालो. बाहेर ऊन होतं. उंबरठ्याशी ती थांबली.

“जपून. पुढे तीन पायऱ्या आहेत.”

“चार आहेत,” काका म्हणाले. “येताना मोजल्यात मी.”